बाटलीतलं डिझेल आणि मीटरमधले किलोमीटर

नाशकात आग्रा रोडवर जीपगाड्या विकणाऱ्या एका शेठनं मला फसवलं. भर उन्हात, माझ्याच मांडीवर डिझेलची बाटली ठेवून फसवलं. आणि उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला मूठभर माल जास्त जाऊ न देणारा मी, त्याच्या शोरूममध्ये बसून त्याचे पेढे खाऊन आलो.

नांदगावच्या बाजारात गोणपाट टाकून मिरच्या विकायला बसलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. तिथून मनमाडला माल चढवायचं काम, मग नाशकात हातगाडी, मग दुसऱ्याचा टेम्पो, मग स्वतःचा. शिकलो ते सगळं बाजारात. त्यातली एक गोष्ट मी कधी सोडली नाही. भाव करताना समोरचा काय बोलतो ते ऐकायचं नाही, तो कुठली वस्तू मागे सरकवतो ते बघायचं. विकणारा चांगला माल मागे ठेवतो. त्यानं मागे सरकवलेली पाटी पुढे ओढायची आणि तिचाच भाव करायचा. मिरच्या, द्राक्षं, जुना टेम्पो, राहतं घर, सगळं मी असंच घेतलं आणि कधी पस्तावलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट आहे. हरसूलच्या डोंगरात बांध घालायचं आणि झाडं लावायचं काम करणारी एक संस्था होती. त्यांचं ऑफिस गंगापूर रोडला. त्यांना बारा महिने डोंगरात जाऊ शकेल अशी, चारही चाकं ओढणारी जीप भाड्यानं हवी होती. भाडं किलोमीटरवर, डिझेल माझं, ड्रायव्हर माझा. असलं काम मला पहिल्यांदाच मिळत होतं. भाजीबाजारातला माणूस ऑफिसच्या खुर्चीत बसून चहा घेणार होता. काम नीट झालं तर दुसरी गाडीही माझीच लावू, असं तिथले इंजिनिअर साहेब म्हणाले होते. आता अशा करारात सगळा खेळ ॲव्हरेजचा. गाडी लिटरला किती चालते यावर घर चालणार की बसणार ते ठरतं.

म्हणून शेठनं शोरूममध्ये छापील कागद पुढे केला तेव्हा मी तो उलटासुद्धा केला नाही. म्हणालो, "कागद राहू द्या. बाटली लावा."

बाटली लावणं म्हणजे काय हे गाडीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गाडीच्या टाकीची नळी काढायची, एका बाटलीत मोजून लिटरभर डिझेल घ्यायचं, इंजिनाची नळी त्या बाटलीत सोडायची आणि गाडी पळवायची. डिझेल संपून गाडी जिथं थांबेल तिथं मीटर बघायचं. जेवढे किलोमीटर, तेवढं ॲव्हरेज. यात बोलबच्चन चालत नाही, असं आम्ही सगळे समजत होतो.

बाटली मी घरून नेली होती. डिझेल मी पंपावरून आणलं होतं. माप माझं होतं. टाकीची नळी माझ्यासमोर काढायला लावली आणि तिच्या तोंडाला बोळा मी स्वतः कोंबला. शेठ हसत होता. "भाऊसाहेब, तुम्ही सीआयडीत होता काय?"

"मिरचीबाजारात होतो. तिथं याहून जास्त बघावं लागतं."

शेठ स्वतः चालवायला बसला. मी शेजारी, बाटली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. ओझरच्या दिशेनं निघालो. शेठ द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत होता, पण मी वर बघितलं नाही. माझं ध्यान बाटलीतल्या डिझेलवर, नळीवर, त्याच्या हातांवर. मधूनच कुठून दुसरी नळी येत नाही ना, हा एकच विचार. शेवटी बाटली कोरडी झाली, इंजिन दोन गचके खाऊन बंद पडलं. शेठनं मीटरवर बोट ठेवलं. "मोजा. पंधरा."

चारचाकी ओढीच्या गाडीला पंधरा! मी मनातून उडालो होतो, पण तोंडावर दाखवलं नाही. शोरूमला परत आल्यावर शेठ म्हणाला, "छान. आता तुम्हाला करकरीत नवी गाडी काढून देतो. ही डेमोची आहे, दहा लोकांनी चालवलेली."

आणि त्यानं त्या गाडीची किल्ली खिशात टाकली.

माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली. हा माल मागे सरकवतोय! पंधरा देणारी गाडी स्वतःकडे ठेवून दहा देणारी माझ्या गळ्यात मारणार. मी म्हणालो, "जिच्यावर बाटली लावली तीच घेणार."

"अहो, ऐका माझं. नवी घ्या. त्याच किमतीत देतो."

"हीच. आणि वापरलेली आहे म्हणता, तर किंमत कमी करा."

तो जितका नको म्हणाला तितका मी अडून बसलो. एकदा उठून दारापर्यंत गेलो, त्यानं हाक मारून परत बोलावलं. मी आवाज चढवला, तसं शोरूममधलं बाकीचं गिऱ्हाईक आमच्याकडे बघायला लागलं. शेवटी शेठनं कपाळाला हात लावला, किंमत उतरवली, पेढे मागवले आणि किल्ली माझ्या हातात दिली. घरी बायकोला सांगितलं, "आज एका शेठच्या हातातली गाडी हिसकावून आणली." तिनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "अहो, तो इतक्या सहज देतोय म्हणजे बघून घेतलंत ना सगळं?" मी चिडलो. सहज कुठं दिली होती त्यानं!

पहिल्याच पावसाळ्यात ॲव्हरेज कोसळलं. मीटरवर मोजून दहाच्या आसपास. डोंगरात दहा म्हणजे माझ्या हातात काही उरत नव्हतं. माझा संशय ड्रायव्हरवर. तो हरसूलकडचाच, डोंगरातला रस्ता तळहातासारखा माहीत असलेला, पण माझ्या हिशोबात वाटेत डिझेल काढून विकणारा. न सांगता एक दिवस त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

वाघेऱ्याच्या घाटात आणि पुढे बांधाच्या कामावर जे बघितलं, त्यानं माझा संशय ढिला पडला. पाय रुतेल असा चिखल, चारही चाकं लावून पहिल्या गिअरवर गाडी रांगत होती, इंजिन बोंबलत होतं आणि मीटरचा काटा जागचा हलत नव्हता. एका ओढ्यात तर आम्ही पुढं-मागं करत इतका वेळ घालवला की तेवढ्यात गाडी नाशकाला जाऊन आली असती.

"भाऊ," तो म्हणाला, "आता उतरा आन् मागून ढकला. मंग कळंल डिझेल कोन पितं."

"लिटरला पंधरा देणारी गाडी आहे ही."

"हायवेला देत आसंल. इथं चढाला डिझेल नाय पिनार तर काय नागलीची पेज पिनार? आन् येक सांगू? ह्या गाडीचा काटा साठ दावतो, तरी यष्टीवाले हॉर्न मारून पुढं जात्यात. आपल्या पोरी शाळंला जात्यात ती खटारा यष्टी, ती बी पुढं जाती."

मी त्यालाच झापलं. म्हणालो, एसटीवाले माजलेत, ऐंशीनं हाणतात. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. गाडी ओरडून सांगत होती आणि मला एसटीचा राग येत होता.

डोंगर डिझेल खातो हे मी कबूल केलं. रडतखडत पण करार चालला. दुसरा पावसाळा संपत आला तेव्हा इंजिनिअर साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, दुसऱ्या गाडीचं बोलणं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

साहेबांनी चहा विचारला नाही. म्हणाले, "एक सांगा, हरसूल कुठं सरकलं का? गुजरातकडे वगैरे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुमच्या आधी जी जीप लावली होती, ती हेच गाव, हाच रस्ता, हेच काम करायची. तुमचे किलोमीटर दर फेरीला जास्त. दर फेरीला! मला आधी वाटलं, ड्रायव्हर गाडी कुठं फिरवतो. पण काल मी स्वतः बसलो होतो. गाडी कुठंही फिरली नाही."

माझा पारा चढला. टेबलावर हात आपटून म्हणालो, "मी मिरच्या विकल्यात, पण काटा मारलेला नाही. चला, आत्ता गाडीत बसा. रस्त्याचे किलोमीटरचे दगड सरकारनं लावलेत, मी नाही. त्यांच्यासमोर मीटर लावू."

साहेब बसले. मी चालवत होतो, गंगापूर रोडनं गिरणाऱ्याच्या बाजूला. पहिल्या दगडाला दोघांनी मीटर बघितलं. पुढच्या दगडाला मीटर थोडं पुढे. मी म्हटलं, दगड चुकीचा लागला असेल. मग आणखी एक, आणखी एक. रस्त्यावर चार किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर पाच भरले होते.

मी गाडी बाजूला घेतली. माझ्या डोक्यात एकदम सगळं फिरलं. ओझरचा रस्ता, मांडीवरची बाटली, शेठचं बोट, पंधरा. ते पंधरा नव्हतेच, बारा होते. डोंगरातले दहा म्हणजे आठ. आणि जे किलोमीटर गाडी कधी चाललीच नाही, त्यांचं भाडं मी या माणसाकडून घेत आलो होतो. आग्रा रोडलाही दगड होते, दर किलोमीटरला होते! मी डिझेल राखत बसलो आणि एकदाही मान वर करून बाहेर बघितलं नाही.

"साहेब, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"मला ऑफिसला सोडा," ते म्हणाले.

तिथून तडक द्वारका चौकाजवळच्या गॅरेजला गेलो. मीटरची केबल गिअरबॉक्सला जिथं जोडलेली असते तिथं एक दातेरी चाक असतं, बोटाच्या पेराएवढं. मेकॅनिकनं ते काढून तळहातावर ठेवलं आणि सांगितलं की या गाडीचं हे चाकच नव्हे. याला दाते कमी आहेत, म्हणून ते जास्त फिरतं आणि मीटर पुढे पळतं, वेगाचा काटासुद्धा जास्त दाखवतो. माझ्या गाडीला तिथं कुणी हात लावला नव्हता. ती आली तशीच होती.

ते चाक मुठीत धरून शेठसमोर उभा राहिलो. त्यानं ते बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"बसा भाऊसाहेब. चहा सांगतो."

"हे कुणी बसवलं?"

"डेमोची गाडी होती ना. गिऱ्हाइकाला आकडा बघून बरं वाटतं. बाटलीवाले लोक फार येतात हल्ली. पण मी तुम्हाला नवी घ्या म्हणत होतो की नाही? खरं सांगा. किती वेळा म्हणालो?"

"मग कारण का नाही सांगितलं?"

"काय सांगणार?" तो हसला. "भाऊसाहेब, या गाडीचं मीटर खोटं आहे म्हणून सांगू? आणि तुमचं नुकसान काय झालं? किलोमीटर जास्त लागले, भाडं जास्त मिळालं. उलट तुम्हीच मला काहीतरी द्यायला पाहिजे."

तेवढ्यात आलेला चहा कपबशांसकट जमिनीवर गेला. माझ्याच हातानं. मी ओरडलो, "उठा. माझ्याबरोबर गंगापूर रोडला चला. साहेबांना हे जे मला सांगितलंत ते सांगा. बाकी मला तुमच्याकडून काही नको."

शेठनं रुमालानं शर्टावरचे शिंतोडे पुसले. "कुठली गाडी? कसलं चाक? दोन पावसाळे गाडी तुमच्याकडे होती. तुम्ही काय काय बदललं, मला काय ठाऊक?"

इतकं धडधडीत खोटं बोलणारा माणूस मी भाजीबाजारात पाहिला नव्हता. तिथं काटा मारणारा पकडला की निदान नजर खाली घालतो.

शेवटी एकटाच संस्थेत गेलो. जादा घेतलेलं सगळं भाडं परत केलं, ते चाक साहेबांसमोर ठेवलं, बाटलीपासून सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी चाक उलटसुलट करून पाहिलं.

"हे तुम्हीच बसवलं नसेल कशावरून?"

"मी बसवलं असतं तर तुम्हाला दगड मोजायला घेऊन गेलो असतो का?"

"गेला असतात," साहेब म्हणाले. "तुम्ही रागात होता. आणि पैसे परत करताय म्हणजे काहीतरी होतंच."

पैसे ठेवले असते तर चोर, परत केले तर कबूल केलेला चोर. करार तिथंच संपला. ड्रायव्हर त्याच्या गावाकडं वडाप, म्हणजे सीटवर प्रवासी भरणारी जीप, चालवायला गेला. नाशकात अशी बातमी पेट्रोलपंपावरसुद्धा आपल्या आधी पोचते. पुढच्या काळात मी दोन ठिकाणी गाड्या लावायला गेलो, आणि दोन्हीकडे कुणीतरी हसत विचारलं, "मीटर बघून घेऊ ना?" मी टेम्पोच्या धंद्यातच राहिलो. बरा चालला. पण ऑफिसात खुर्चीवर बसून चहा घ्यायचा योग पुन्हा आला नाही.

बायको म्हणते, सोडून द्या. वीस वर्षं होत आली. मी सोडत नाही. तुमचं शोरूम आता काचेचं झालंय, शेठ, मी जाता-येता बघतो. आत गाड्या फिरत्या फळीवर ठेवल्यात. ते इंजिनिअर साहेब निवृत्त झालेत, पण नाशकातच राहतात, आणि रस्त्यात दिसलो तर आजही मान दुसरीकडे वळवतात. तुमचा पैसा मला नको, गाडीची भरपाई नको. तुम्ही माझ्या शेजारी बसून त्यांच्या दारात चला, आणि त्यांच्या तोंडावर सांगा की ते चाक तुम्ही बसवलं होतं आणि मला माहीत नव्हतं. कधी येताय, बोला.