लूमवाले मामांची जागा

चिनू आणि ईशान, परवा फोनवर तुम्ही दोघं विमानातल्या खिडकीच्या जागेवरून भांडत होतात. फोन ठेवला, घर पुन्हा गप्प झालं आणि मला तुमच्या आईचे मानलेले लूमवाले मामा आठवले. त्यांच्याबद्दल सांगायला सुरतेत आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्यासाठी जागा धरण्याकरताच जन्माला आलेला एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे हे मामा. खानदेशातले, सुरतेच्या उधन्याला पॉवरलूमवर कामाला, आमच्या घरामागच्या खोलीत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सगळी गल्लीच त्यांची नातेवाईक. नव्वदच्या दशकात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सुरतेतला अर्धा खानदेश स्टेशनवर लोटायचा. ट्रंका, पाळणे, कुकर, रडणारी मुलं. फलाटावर पाय टेकवायला जागा नसायची. मामा मात्र खुशीत. गाडी यार्डातून फलाटाला लागत असतानाच ते तिच्याबरोबर पळत, खिडकीतून टॉवेल फेकत आणि गज नसलेल्या खिडकीतून टॉवेलच्या मागोमाग स्वतः आत शिरत. मग बाकावर आडवे होऊन आजारी असल्यासारखे कण्हायला लागत.

"ओ काका, जरा खसो ने!" सरकायला सांगत कोणी ओरडलं की डोळे न उघडता उत्तर देत, "आखी फॅमिली आवे छे!"

सगळी फॅमिली येतेय असं सांगणाऱ्या माणसाला घरी चहा करून देणारंही कोणी नव्हतं. थोड्या वेळाने गल्लीतली एखादी फॅमिली घामाघूम होऊन पोचायची, मुलं खिडकीतून आत सरकवली जायची आणि मामा खाली उतरून, कपडे झटकून हात हलवत राहायचे. एकदा आमचं रिझर्व्हेशन होतं तरी त्यांनी आमच्या जागेवर टॉवेल टाकला. "बाई, कागदावर भरोसा नको. कागद बसत नाही, माणूस बसतो."

स्वतः मात्र ते गावी जात नसत. त्यांची आई आजारी असताना लगीनसराईच्या गर्दीत त्यांना एकाही डब्यात पाय ठेवता आला नव्हता. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बहीण दारातच म्हणाली, "आता कशाला आलास?" तेव्हापासून दोघं बोलत नव्हते.

आणि एका वर्षी बहिणीचा निरोप आला. "आखाजीला दोंडाईचा स्टेशनवर उभी राहते. आला तर भाऊ. नाही तर मला भाऊ नाही."

मामांनी नवा शर्ट शिवला, बहिणीसाठी जांभळी साडी घेतली. मी पोचवायला गेले. त्या दिवशी त्यांनी प्रथमच स्वतःसाठी टॉवेल फेकला, ऐटीत खिडकीशी बसले आणि बहीण दोंडाईच्याला उभी आहे हे सगळ्या डब्याला सांगून टाकलं. शिट्टी झाली. तेवढ्यात एक बाई कडेवर पोर घेऊन धापा टाकत डब्यात चढली. मामा सवयीने उठले, तिला जागा दिली, खाली उतरले, कपडे झटकले आणि हात हलवू लागले. मीही हलवला. शेवटचा डबा गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मी उतरी गऊ."

पुढच्या गाडीच्या दाराला माणसं लोंबत होती. मामा फलाटावरच खाली बसले. गर्दी त्यांना वळसा घालून जात राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण त्यांच्या दारात उभी! हातात त्यांचं गाडीत राहिलेलं गाठोडं. दोंडाईच्याला सगळा डबा खिडक्यांतून ओरडत होता म्हणे, "ताई, तुमचा भाऊ निघाला होता! सुरतेलाच उतरला!"

"सुरतले येनारी गाडी रिकामी ऱ्हास," ती कडाडली. "झोपीसन उनू मी! तुले इतला वरीस सुचनं नही?"

झोपून येता येईल अशा रिकाम्या गाडीने बहिणीलाच इकडे बोलवावं, हे मामांना इतक्या वर्षांत खरंच सुचलं नव्हतं. मग त्या खोलीत दोन ताटं मांडली गेली. दुसरं ताट आमच्याकडून नेलं होतं.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या खोलीच्या जागी कापडाचं गोदाम आहे. तुमचे आजोबा नाहीत, गल्लीतली ओळखीची माणसंही पांगली. मामांची बहीण अजून आहे. तिला ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर आम्ही दोघी ओरडून बोलतो.