मेंढरांच्या चालीची गाडी

शोरूममधल्या विक्रेत्यानं मोटारसायकलचा टॉप स्पीड सांगायला सुरुवात केली आणि माझं डोकंच सरकलं. म्हणालो, "ते राहू द्या. सगळ्यात हळू किती चालते ते सांगा." तो हसला. त्याचंही काय चुकलं म्हणा. गाडी माझ्या थोरल्या भावासाठी हवी होती, आणि दादाला कुठंच पोहोचायचं नव्हतं. त्याला मेंढरांच्या पुढं चालायचं होतं.

आमची मेंढरं आष्टीच्या डोंगरपट्ट्यात. मी शिकून कडा गावात नोकरीला लागलो, दादा मेंढरांमागं राहिला. मागं म्हणायची आपली पद्धत. चालायचा तो पुढंच. एक लांबलचक हाळी द्यायचा, की सगळा कळप माना खाली घालून त्याच्या पाठोपाठ डोंगर चढायचा. गेल्या वर्षी तो घळीत पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी डोंगर चढणं बंद म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तो अंगणात बाजेवर बसून राही. मेंढरं दुसरा कुणी चारायला नेई, तेव्हा हा तोंड फिरवून घेई. जेवणावरची वासना उडाली. वहिनी म्हणाली, "भावजी, कायतरी करा. माणूस असा बसूनच मरंल."

तेव्हा मी गाडीचं काढलं. "डोंगरावर गाडी? डोकं फिरलं का बे तुझं?" दादा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी माझ्या आधी अंघोळ करून तयार.

मला पहिलीच गाडी आवडली होती. उंच, दणकट, रुबाबदार. दादाला तिच्यावर टांग टाकता येईना. शिवाय दगडगोट्यांत ती आडवी झाली असती तर त्यानं एकट्यानं उचलली असती कशी? दुसरीचा आवाज असा, की मेंढरं बिचकून थेट नगरला गेली असती. तिसरी हलकी होती, आवाजाला मऊ. पोट जमिनीपासून चांगलं वर, पण सीट बुटकी, दोन्ही पाय खाली टेकत होते. मोटारसायकल दादाला पहिल्यापासून येत होती. शोरूममागच्या खडीवर त्यानं ती पहिल्या गिअरमध्ये जितकी हळू नेता येईल तितकी नेली, आणि ती बंद पडली.

"म्हातारी मेंढी ह्यापरीस हळू चालती आन् बंद बी पडत न्हाई," तो म्हणाला. तरी तीच घेतली. मग कड्याच्या मेकॅनिकनं मागच्या चाकाचं दातेरी चक्र बदलून मोठं बसवलं. गाडीचं पळणं कमी झालं आणि ताकद वाढली. तो म्हणाला, लोक गाडी पळावी म्हणून पैसे घालतात, तुमचं उलटंच.

मेंढरं आधी बुजली. दादा सीटवर बसूनच त्यांना बाभळीच्या शेंगा चारायचा. हळूहळू ती इंजिनच्या आवाजाला सरावली. दादा दोन्ही पाय सोडून, दगड चुकवत, गोगलगायीसारखा पुढं आणि कळप त्याच्या मागं. त्याला पुन्हा भूक लागायला लागली. मी गावभर फुशारकी मारत फिरलो, गाडी निवडावी तर माझ्यासारख्यानं.

मग एका रविवारी मी त्याच्यासोबत गेलो होतो. तो बाभळीखाली बसला होता, पाणी संपलं होतं. कॅन घेऊन मी ओढ्याकडं निघालो, गाडी सुरू केली. सगळा कळप उठला आणि माझ्या मागं चालू लागला.

दादानं हाळी दिली. म्हटलं, आता वळतील. एकही वळलं नाही. त्यानं पुन्हा दिली, आणखी लांब, आणि तिच्या शेवटाला त्याचा आवाज फाटला. मी इंजिन बंद केलं. मेंढरं गाडीभोवती गोळा होऊन उभी राहिली. दादा बाभळीच्या खोडाला धरून उभा होता.

"पाण्याला निघाली असतील," मी परत येऊन म्हणालो.

"गप बे. मेंढरं मला शिकवतो का?"

पुढच्याच बाजारी त्यानं व्यापाऱ्याला बोलावलं. वहिनी रडली, मी ओरडलो, "कावून विकतो? गाडीनं नीट चाललंय की सगळं!"

"गाडीचं नीट चाललंय," तो म्हणाला. "माझ्यामागं येत न्हाईत, तर ती माझी कशी?"

व्यापाऱ्याचा पिकअप वर चढेना, तो खाली डांबरी रस्त्यावर थांबला. मेंढरं तिथवर न्यायची होती. दादा बाजेवरून उठला नाही. "तूच ने," म्हणाला, "गाडी काढ."

मी पुढं आणि मेंढरं मागं. वाटेत एकही इकडंतिकडं झालं नाही, कुणाला हाकावं लागलं नाही. मी रडत होतो, आणि हँडल सोडून डोळे पुसायचीही सोय नव्हती. व्यापारी खूश झाला, असा शहाणा कळप बघितला नाही म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

परत आलो तेव्हा दादा अंगणातच होता.

"वळून बघितलं का कुनी?"

"न्हाई."

"म्होरक्या मेंढीनं बी?"

"न्हाई, दादा."

"मंग चांगलीच शिकवली की मी त्यांला," तो म्हणाला, आणि हसायला गेला. ते हसू काही त्याला पुरं करता आलं नाही.