दोघींपुरता टब

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सातनंतर थोड्याच वेळात हिंगोली जिल्हा भूकंपाने हादरला. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्याची तीव्रता ४.५ इतकी नोंदवली. केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात होता.

त्याच तालुक्यात, वारंगा फाट्याजवळच्या आपल्या घरी, पार्वतीबाई तेव्हा न्हाणीत पाटावर बसल्या होत्या. बादलीतलं पाणी कुणी न हलवता हिंदकळून काठावरून सांडताना त्यांनी पाहिलं. पाठोपाठ वरचा पत्रा खडखडला. अंगाभोवती लुगडं कसंबसं गुंडाळून त्या बाहेर पडायला गेल्या आणि उंबऱ्याशी घसरल्या. त्यांना भूकंपाने पाडलं की साबणाने, यावर घरात आजही दोन मतं आहेत. पडल्या त्या उजव्या खुब्यावर, एवढं मात्र सर्वांना मान्य आहे. मुलगा शिवशंकर याने त्यांना दोन्ही हातांवर उचलून रस्त्यापर्यंत नेलं, कारण सगळा फाटा तेव्हा रस्त्यावर येऊन उभा होता.

हाड मोडलं नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, काही व्यायाम दाखवले आणि जाता जाता, जमलं तर गरम पाण्यात बसत जा, असंही सुचवलं. जाता जाता सुचवलेलं हे वाक्य शिवशंकरने तेवढं पक्कं धरलं. त्याचं फाट्यावर मोटारी, पाइप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. पाण्याची कोणतीही तकलीफ योग्य यंत्र बसवलं की मिटते, हा धंद्यातून आलेला त्याचा विश्वास. दिवाळीच्या सुमारास, पार्वतीबाई काठी घेऊन अंगणात फिरू लागल्या तेव्हा, त्याने मोबाइलवर त्यांना एक चित्र दाखवलं. बुडबुड्यांनी भरलेल्या टबात एक गोरी म्हातारी डोळे मिटून बसली होती.

"माय, उनकेश्वर तुला घरीच आनून देतो," तो म्हणाला.

पार्वतीबाईंनी चित्र पाहिलं, बरं आहे म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत हे समजण्यासाठी उनकेश्वरची गोष्ट आधी सांगावी लागते.

उनकेश्वर किनवट तालुक्यात आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात गंधक असतो आणि त्याने त्वचेचे रोग बरे होतात, या विश्वासाने माणसं लांबून येतात. पार्वतीबाईंना त्वचेचा कसलाही रोग नव्हता. तरी लेकरं मोठी झाल्यापासून दर माघात त्या तिथे जात आल्या. सांगताना त्या गुडघ्यांचं कारण सांगत. खरं कारण पद्माबाई हे होतं. दोघी सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या, एकाच गल्लीतल्या. एकीला फाट्याच्या बाजूला दिलं, दुसरीला नरसी नामदेवला. पुढे आईबाप गेले, भाऊ पोटापाण्यासाठी शहरांत पांगले, दोघींची माहेरची घरं परक्यांकडे गेली. हक्काने उतरावं असं गोरेगावात काही उरलं नाही, तेव्हा दोघींनी उनकेश्वरला भेटायचं ठरवलं. धर्मशाळेत दोन दिवस राहायचं, पाण्यात बसायचं आणि एकमेकींची पाठ चोळायची. पद्माबाईंच्या कुंपणावर घोसाळ्याचा वेल आहे. त्याचं एक घोसाळं त्या मुद्दाम वेलावरच वाळू देत आणि आतली जाळी बरोबर आणत. पाठ चोळून घेताना पार्वतीबाईंना कुणी माय म्हणत नसे, आत्या म्हणत नसे. पद्माबाई त्यांना पारू म्हणत. या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी राहिलेलं नव्हतं.

तेव्हा टब घरी येणं म्हणजे काय, हे पार्वतीबाईंना चित्र पाहताच कळलं. टब आला की उनकेश्वर बंद. शिवशंकरने ते स्पष्ट म्हटलं नव्हतं. तिथल्या ओल्या पायऱ्या, गर्दी, एवढा लांबचा प्रवास आता कशाला, एवढंच तो बायकोपाशी बोलत होता. पण ज्याने हातांवर उचलून रस्त्यापर्यंत नेलं, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी ठरवलं की दुकानात जायचं आणि प्रत्येक टबात खोट काढायची.

नांदेडच्या दुकानात खोट काढणं सुरुवातीला सोपं गेलं. एक टब हवा भरायचा होता. ट्रकच्या ट्यूबमध्ये बसायचं वय गेलं, असं त्या म्हणाल्या. दुसरा इतका खोल की आत उतरायला विहिरीसारखी शिडी लागली असती. तिसऱ्यात रंगीत दिवे लागत होते. ते बघून पार्वतीबाईंनी, यात देव बसवायचे की माणसं, अशी चौकशी केली. दुकानातला तरुण हसला, पण त्याने धीर सोडला नाही. मग त्यांनी मनापासून पडलेला एकच प्रश्न विचारला.

"बसून झाल्यावर हे पानी जातं कुठं?"

"कुठंच नाही, आजी. आतल्या आत फिरतं. फिल्टर ते साफ करतो. तीन-चार महिने बदलायचं कामच नाही."

पार्वतीबाईंनी सुनेकडे, कोमलकडे पाहिलं. मग पुन्हा त्या तरुणाकडे.

"म्हंजे काल जे अंगाखालून गेलं, त्यातच आज बसायचं?"

त्यात औषध टाकतात, असं त्याने समजावलं. औषधाने पाणी साफ होत असेल, पण अंगाखालचं पाणी ते अंगाखालचंच राहतं, यावर त्या ठाम राहिल्या. आंघोळीचं पाणी केळीला जातं. ते परत अंगावर घेतलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ही खोट पक्की निघाली असं त्यांना वाटलं. पण शिवशंकर पाण्याच्याच धंद्यातला. दरवेळी टब रिकामा करू, पाणी पाइपाने मागच्या केळी-लिंबांना सोडू, असं त्याने जागच्या जागी जाहीर केलं. एवढं पाणी तापायला निम्मा दिवस जाईल, हे तरुणाचं म्हणणं त्याने कानावर घेतलं नाही.

आता काढायला खोट उरली नाही. तेव्हा पार्वतीबाईंच्या मनात दुसराच विचार आला. उनकेश्वर बंदच होणार असेल, तर पद्मा इथे का येऊ नये? त्यांनी काठीने कोपऱ्यातला एक टब दाखवला. काठ बुटका, आत समोरासमोर दोन बैठका.

"ह्यो द्या."

"तू एकलीच बसनार ना, माय? मंग दोघांचा काहून?"

"एकलीच्या टबात अडकल्यावानी व्हतं," त्या म्हणाल्या. त्याला ते पटलं.

घरामागे सिमेंटचा चौथरा झाला, वर पत्रा आला, वेगळी वायर ओढली गेली. पहिल्या दिवशी कोमलने सासूच्या अंगाला रीतीप्रमाणे तिळाचं तेल चोळलं. दुखऱ्या अंगाने कोरडंच पाण्यात उतरावं, हे कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. वरून शिकेकाईही लावली. पार्वतीबाई आत बसल्या, शिवशंकरने कळ दाबली, बुडबुडे सुरू झाले आणि डाळ उतू यावी तसा फेस काठावरून चौथऱ्यावर, चौथऱ्यावरून अंगणात निघाला. फेसाबाहेर त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. थोड्या वेळाने यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. नांदेडहून आलेल्या मेकॅनिकने तेलाने लडबडलेला फिल्टर बाहेर काढला, वास घेतला आणि हे काय होतं असं विचारलं. अंगाला तेल लावून यात कधीच बसायचं नसतं. आधी स्वच्छ आंघोळ करून यायचं, असं तो सांगून गेला.

"म्हंजे आंघोळ करून मंग आंघोळीला बसायचं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी तसं केलंही. मागची केळी पाण्यात उभी राहू लागली, तेव्हा कोमलने उन्हाळ्यात आटणाऱ्या बोअरची आठवण करून दिली आणि टब आठवड्यातून एकदाच तापू लागला. खुब्याला बरं वाटत होतं, हे पार्वतीबाई कबूल करत. पण कळ बंद झाली की त्या लगेच उठत. एकटीने तिथे बसून करायचं काय, हे त्यांना कळत नसे.

पौषात शिवशंकर गाडी घेऊन नरसीला गेला आणि पद्माबाईंना घेऊन आला. त्यांच्या पिशवीत घोसाळ्याची जाळी होतीच. दोघी लुगड्यांसकट समोरासमोर बसल्या. पाठीवर पाण्याच्या धारा सुरू झाल्यावर पद्माबाई म्हणाल्या, "ही मशीन तं सगळ्यायच्या पाठीला सारख्याच ढुसन्या देऊन राहिली." पार्वतीबाई हसल्या. मग त्यांना आठवलं की पद्माबाईंच्या चहात साखर चालत नाही. त्यांनी कोमलला हाक मारून ते सांगितलं. पुन्हा बसल्या. पाहुणीची ओटी भरायची होती, नारळ आणलाय का, हे विचारायला पुन्हा अर्ध्या उठल्या. कोमल टॉवेल घेऊन उभी होती. शिवशंकर पाणी बराबर तापलं का, असं दारातून विचारत होता. जाळी काठावर कोरडीच राहिली.

"बस ना गं, पारू," पद्माबाई म्हणाल्या. कोमलने ते नाव तेव्हा प्रथम ऐकलं. "इथं म्या पाव्हनी झाले. तिथं कोनी कोनाची पाव्हनी न्हाई."

संध्याकाळी पद्माबाई ओटी आणि साडी घेऊन परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिवशंकर दुकानाला निघण्याआधी, पार्वतीबाईंनी त्याला थांबवलं.

"मला माघात उनकेश्वरला जायचं हाय."

"मंग टब काहून घेतला, माय?"

"तू दिला म्हनून घेतला. चांगला हाय, मी काय वाईट म्हनत न्हाई."

पद्माबाईंना दर महिन्याला आणू, असं तो म्हणाला. दोघींपुरता टब मायनेच निवडला होता, याचीही आठवण त्याने करून दिली. त्याचा आवाज थोडा दुखावलेला होता.

"कितीबी येळा आन," त्या म्हणाल्या. "ती आली का मी चहाचं बघायला उठते. इथं मला बसता येत न्हाई, शिवा."

दारातून कोमल त्याला म्हणाली, "तुमाला पायऱ्यायची भीती हाय ना? मंग पायऱ्यांपाशी उभं ऱ्हा. आत येऊ नका."

माघात ते गेले. आधी उलट्या दिशेला नरसीला जाऊन पद्माबाईंना घेतलं. उनकेश्वरला शिवशंकर सांगितल्याप्रमाणे पायऱ्यांपाशी, बायकांच्या बाजूच्या भिंतीच्या अलीकडे उभा राहिला. आतून त्याला हसणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा हसणं. पार्वतीबाई वर आल्या त्या पद्माबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. काठी पद्माबाईंच्या हातात होती.

होळीपर्यंत त्या घरात काठीशिवाय फिरू लागल्या. टब अजून आहे आणि आठवड्यातून एकदा तापतो. आता बहुधा शिवशंकरच त्यात बसतो. खुबा टबामुळे सुधारला, असं तो म्हणतो. पार्वतीबाई उनकेश्वरचं नाव घेतात. डॉक्टरांच्या मते ते व्यायामाचं फळ आहे. या तिन्ही गोष्टी त्या हिवाळ्यात एकात एक मिसळल्या, त्यामुळे त्या वेगळ्या करून पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही. भिंतीपलीकडे, दोन हसण्यांच्या मधल्या वेळात, दोघी काय बोलल्या, असं कोमलने एकदा विचारलं होतं. "पान्याचंच," असं उत्तर मिळालं. खुबा कशाने बरा झाला हे आजवर कुणालाही ठाऊक नाही आणि त्या वेळात काय बोलणं झालं हे त्या दोघींशिवाय कुणालाही ठाऊक नाही.