हणमण्णाचा शेवटचा शाफ्ट

२०२४ साल, आणि माझं वय अठ्ठ्याहत्तर. श्रावणातला सोमवार होता. बंगळूरात, चामराजपेटच्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात रंध्याचं पातं घासत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. राजाजीनगरहून सुमक्का बोलत होती. हणमंतराव चव्हाण, ज्याला आम्ही सगळे हणमण्णा म्हणायचो, त्याची ही बायको. रडत नव्हती. "परशुअण्णा, हे गेले सकाळी," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही येणार ना?" पन्नास वर्षांच्या दोस्ताला असं कुणी विचारत नाही. तिला ते विचारायला लागलं, कारण नऊ महिने मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं... गेलो मी. खांदाही दिला.

आपल्या मराठी मंडळाच्या या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं लिहितात. मीही चांगलंच लिहिणार आहे, पण त्यात माझं वाईट येईल, आणि ते कुणी गाळायचं नाही असं मी आधीच बजावून ठेवलंय. माझी शाळा चौथीत सुटली. वाक्य मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

हणमण्णा निपाणीकडचा. विशीत असताना बंगळूरला आला, राजाजीनगरात एका शेडमध्ये लेथवर लागला आणि पुढं त्याच गल्लीत स्वतःची लेथ टाकली. मी इथलाच, आमच्या किती पिढ्या इथं झाल्या ते आजोबालाही सांगता येत नव्हतं. पहिल्यांदा तो माझ्याकडं आला तो कानशीच्या मुठी करून घ्यायला. मी मूठ त्याच्या हातात दिली, त्यानं ती फिरवून बघितली आणि म्हणाला, "मूठ बरी आहे, पण तुमचं मराठी बंगळूरच्या नळासारखं हो. मधेच येतं, मधेच जातं." मी म्हटलं, "तुझं तरी काय, निपाणीचा तू, शब्द कमी नि तंबाखूच जास्त." असा हसला की तोंडातली तंबाखू सांभाळत बाहेर पळाला. त्या दिवसापासून लाकूड माझं आणि लोखंड त्याचं, असं ठरूनच गेलं. माझ्या यंत्राची पुली झिजली की त्याच्याकडं, त्याच्या शेडचं दार सुजलं की माझ्याकडं. त्याच्या कामाचं एकच सांगतो. त्यानं करून दिलेला भाग मी कधी मापून घेतला नाही. इतरांचं घेतलेलं दोनदा मापायचो.

दोघांचीही कामं कमी झाली तेव्हाची गोष्ट. घरोघरी तयार कपाटं यायला लागली, माझ्याकडं उरली देवघरं आणि मोडक्या खुर्च्या. एक दिवस हणमण्णा रिक्षातून उतरला तोच ओरडत. "परशा, चल लवकर, एक म्हातारी बघायला जायचंय." बंद पडलेल्या एका कारखान्याचं भंगार निघालं होतं, त्यात एक गोल करवत होती. जुन्या काळची, ओतीव बिडाची. टेबल एवढं जड की चौघांना हलेना. वर गंजाचा पापुद्रा, पट्ट्याच्या जागी उंदरांचं घर, समोर पितळेची पट्टी आणि तिच्यावर आम्हा दोघांनाही न वाचता येणारी इंग्रजी अक्षरं. मी म्हटलं, "हे घेऊन काय करायचं या वयात?" तो टेबलावर बोटानं टकटक करून म्हणाला, "ऐक. असं बीड आता ओतत नाहीत. आपण दोघं जायच्या आधी हिला एकदा चालवू." मला अडाण्याला तेवढं पुरलं.

मग ते वर्ष... माझ्या आयुष्यातलं ते बरं वर्ष होतं असं मी आता म्हणतो. रोज सकाळी हणमण्णा बसनं यायचा. आम्ही रॉकेल ओतून गंज भिजवायचो, विटेच्या तुकड्यानं आणि मग पॉलिश पेपरनं टेबल घासायचो. महिनाभरानं बिडाचा तो करडा काळसर रंग दिसायला लागला, तेव्हा तो त्यावरून तळवा फिरवत बसला, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा. लाकडाचं सगळं मी नवं केलं, मार्गदर्शक पट्टी होन्नेच्या लाकडाची केली. बेअरिंग बाजारातून आणली. राहिला शाफ्ट. जुना शाफ्ट झिजून गेला होता, तो नवा करायचा होता, आणि गोल करवतीत शाफ्ट म्हणजे सगळं. त्याच्यावरच करवतीचं गोल पान बसतं. तो केसभर वाकडा असला की पान डुलतं, लाकूड फाडतं, माणसाचं बोटही नेतं.

त्याच सुमाराला मला दिसलं होतं की हणमण्णा कॉफीचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो. तोच म्हणाला, "उजवा जरा थरथरतो रे. पण लेथच्या चाकाला लागला की गप्प बसतो." शाफ्टला त्यानं तीन आठवडे घेतले. पूर्वी असं काम तो दुपारच्या जेवणाआधी उरकायचा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, तेल लावून. "बघ," म्हणाला, "मापून घे." मी मापला नाही. आता वाटतं, मी तो मापायला हवा होता. माप बरोबर आहे, हे त्याला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या शेडच्या पूजेला, मी माझ्या दुकानात. आपल्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी रंधे, पटाशा, करवती मांडल्या, झेंडू वाहिला, हळद-कुंकू कालवून एकेकाला अंगठ्यानं टिळा लावला. नवा शाफ्ट मधोमध पाटावर ठेवला होता, त्यालाही लावला. कोहळा फोडला. दसऱ्यानंतर मशीन बसवायला घेतलं. शाफ्ट बसवला, पान टेकतं ती आतली कॉलर, म्हणजे लोखंडी कडं, लाकडी हातोड्यानं ठोकून घट्ट चढवली. माझी एक बढाई होती, सगळ्या चामराजपेटला माहीत असलेली. परशुराम मिस्त्री बसवलेलं परत काढत नाही. एकदाच बसवतो, नीट बसवतो.

दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा चालवली. हणमण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मोटर सुरू केली, होन्नेची फळी पुढं सरकवली... आणि पहिल्या वितीतच मला कळलं. काप खडबडीत, रुंद. बंद करून खिळा पानाच्या दाताला टेकवला आणि पान हातानं फिरवलं. एका बाजूला खिळा घासे, दुसऱ्या बाजूला तांदूळ जाईल एवढी फट. पान डुलत होतं. हणमण्णा म्हणाला, "कॉलर काढ. शाफ्ट मोकळा करून दे, लेथवर धरून मापाचा काटा लावून बघतो. पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, "मी बसवलेलं काढत नाही." "अरे काढल्याशिवाय कळणार कसं?" "कळायचं काय त्यात?" मी म्हणालो, "शाफ्ट आऊट आहे तुझा, वाकडा." आणि बोलताना मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. त्यानं तो हात खिशात घातला.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. चार दिवसांनी त्याच्या गल्लीत पुली आणायला गेलो. लेथवाले कॉफी पीत उभे होते, शेजारच्या शेडचा मंजण्णा कन्नडात म्हणाला, काय मिस्त्री, म्हातारी चालली का? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, कसली चालते, हणमण्णाचा हात गेला आता, शाफ्ट वाकडा करून दिलाय. बोलून वळलो तर तो स्वतःच्या शेडच्या दारात उभा. त्या गल्लीत पन्नास वर्षं त्याचा शब्द आणि त्याचं माप एकच मानत होते. मी तिथंच ते मोडलं.

दोन महिन्यांनी कळलं, त्यानं लेथ मंजण्णाला देऊन टाकली. मी मनात म्हटलं, बघा, मी बरोबरच होतो. असा मी माणूस... उन्हाळ्यात सुमक्का दुकानात आली. बसली नाही. "अण्णा, त्यांना बरं नाही. एकच विचारलंय. शाफ्ट उघडून एकदा बघा म्हणतात, आऊट होता का नव्हता तेवढं सांगा. आऊट असला तरी चालेल, पण बघून सांगा." मी पटाशी घासत राहिलो. "सांगितलंय ना एकदा," म्हणालो. ती कन्नडात "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर आठवडाभर मला रोज वाटलं की उद्या उघडून बघू. वाटणं खोटं नव्हतं. पण उघडलं आणि तो सरळ निघाला तर? मग मी काय करणार होतो? या भीतीचं नाव मी तेव्हा स्वाभिमान ठेवलं होतं. मग श्रावण आला, आणि तो फोन.

तेराव्याच्या जेवणाला राजाजीनगरला गेलो. पंगतीत त्याच गल्लीतले लोक. माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही, वाढणाऱ्यानं गोडाचा आग्रहही केला. सुमक्का पाणी द्यायला आली तेव्हा मी विचारलं, शेवटी काही बोलला का? ती म्हणाली, "झोपेत हाताची बोटं मोजायचे हो. जागे झाले की मला विचारायचे, थरथरतोय का गं? मी नाही म्हणायची." मग तांब्या घेऊन पुढच्या पानाकडं गेली. मी अर्ध्या पानावरून उठलो.

तिथून थेट दुकानात आलो. दुपारचे तीन वाजले असतील. पान काढलं, कॉलरला खेचून काढायचा पुलर लावला आणि बसवलेली कॉलर आयुष्यात पहिल्यांदा परत काढली. तिच्या मागं, शाफ्टच्या खांद्यावर, जिथं कॉलर टेकते तिथं, तांबडं काहीतरी वाळून बसलं होतं. तेलात मुरून लाखेसारखं घट्ट झालेलं. मी नखानं खरवडलं आणि वास घेतला. हळद-कुंकू. माझ्या अंगठ्याएवढा टिळा, माझ्याच अंगठ्यानं लावलेला. आमच्या घरात खंडेनवमीचं कुंकू पुसत नाहीत, आपोआप झडू देतात, म्हणून मी तो तसाच ठेवून वर कॉलर ठोकली होती. मुळाशी कागदाएवढी जाडी, पण तिनं कॉलर तिरकी बसते, आणि पानाच्या कडेला तीच तांदळाएवढी होते. रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. कॉलर चढवली, पान लावलं, खिळा टेकवून फिरवलं. सगळीकडं सारखी फट. परत फिरवलं. सारखी... मी जमिनीवर बसलो, भुशात. शाफ्टमध्ये काही दोष नव्हता. त्याच्या हातातही नव्हता. नऊ महिने तो माणूस स्वतःच्या हाताकडं बघत राहिला, आणि उत्तर माझ्या दुकानात, माझ्या अंगठ्याखाली होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टा उतरवला, बेअरिंग सोडवली आणि अख्खा शाफ्ट बाहेर काढला. गोणपाटात गुंडाळून बसनं राजाजीनगरला गेलो. आधी सुमक्काच्या दारात. म्हटलं, "अक्का, जरा गल्लीपर्यंत चला माझ्याबरोबर." तिनं गोणपाटाकडं बघितलं, चपला घातल्या आणि आली. मंजण्णाच्या शेडमध्ये हणमण्णाचीच लेथ चालू होती. मी म्हटलं, हा धरा, काटा लावा, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलवा. पाच-सहा जण हात पुसत आले. मंजण्णानं शाफ्ट धरला, काटा टेकवला, हळू फिरवला. काटा जागचा हलला नाही. मी म्हटलं, परत. त्यानं परत फिरवला. मग मी सांगितलं की हा हणमण्णानं केलेला शेवटचा शाफ्ट, यात केसाचाही फरक नाही, कुंकू मी लावलं, आणि तुमच्यासमोर जे बोललो ते खोटं होतं. सुमक्काला आपल्या भाषेत ऐकता यावं म्हणून आधी मराठीत बोललो. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गल्लीतल्या लोकांचे चेहरे तसेच होते, त्यांना सगळं कळलं नव्हतं. म्हणून पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, कन्नडात, एकही गोष्ट न गाळता.