नानांचा अंदाज

रिकामटेकडी माणसं दर रविवारी एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. आता सांगायला घेतले, की त्यातलं एकेक गेलेलं माणूस आठवतं आणि हसू अर्ध्यातच विरतं.

लढाईच्या वर्षांत आम्ही धुळ्याला 'परराष्ट्र अभ्यास मंडळ' चालवत होतो. म्हणजे पांझरा नदीपलीकडे, देवपुरात भाऊसाहेब वकिलांच्या ओसरीवर पेपर वाचून जगाचं भवितव्य ठरवत होतो! नियम साधा. एकाने अंदाज सांगायचा, ज्यांना पटत नाही त्यांनी हात वर करायचे. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला पुढच्या रविवारी आरामखुर्ची, बाकीचे सतरंजीवर.

नानांना, म्हणजे आमच्या पेन्शनर इतिहास-मास्तरांना, ती खुर्ची कधीच मिळाली नाही. "पॅरिस पडणं अशक्य!" म्हणाले, पडलं. "जर्मनी रशियाच्या वाटेला जाणार नाही!" म्हणाले, गेला.

एकदा पावसाने ओढ दिली, तेव्हा शिरपूरचे आबा पाटील हात जोडून म्हणाले, "नाना, 'पाऊस पडाव नही' असं एकदाव सांगी टाका. बठ्ठं गाव वाट देखी ऱ्हायनं!"

सगळ्यात मोठ्यांदा नानाच हसले.

*

जपान लढाईत उतरल्यावर मंडळाने धुळ्याच्या संरक्षणाची योजना आखली. शत्रू सुरतेकडून आला तर पांझरेचा पूल उडवायचा!

भाऊसाहेब भडकले. "आणि मी कोर्टात पोहत जाऊ?"

आमचं संरक्षण तिथेच थांबलं.

*

नानांचा एकुलता एक मुलगा वसंता पलटणीत होता, सिंगापूरला. जपानी फौजा सिंगापूरच्या दाराशी आल्या, त्या रविवारी विषय तोच निघाला. आम्ही धीर द्यायच्या तयारीत, तर नानाच ताडकन म्हणाले, "सिंगापूर पडणार! नक्की पडणार!"

मला रागच आला. "अहो, पोरगा आहे ना तिथे?"

"म्हणूनच सांगतोय," नाना म्हणाले.

आम्ही भराभर हात वर केले.

सिंगापूर पडलं.

वसंताची काहीच खबर नव्हती. नाना आता येणार नाहीत असं वाटलं होतं, पण पुढच्या रविवारी आले. खुर्ची त्यांची होती. तिच्याकडे कोणी बघेना. नाना सतरंजीवरच टेकले.

"एखादा अंदाज चुकून खरा ठरतो," ते म्हणाले. "आजचा ऐका. वसंता परत येत नाही."

मग एकेकाच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "कोणाला पटत नाही?"

सगळ्यांचे हात वर गेले. आबांनी तर दोन्ही केले.