रुंद टायर
नव्या रबराचा वास आला की मला नवीन जालन्यातलं ते टायरचं दुकान आठवतं. मला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून बाबा आमच्या फोर-व्हील जीपला रुंद टायर आणि चकचकीत अलॉय चाकं बसवायला निघाले आणि पसंत करायला मलाही सोबत नेलं. "साब, येवढे रुंद घेऊ नका, वळताना घासतील. कंपनीचं माप बराबर आहे," दुकानदार म्हणाला. "घासू द्या. पोरीला बघायला लोक येऊन राह्यले, गाडी दमदार दिसली पाहिजे," बाबा मोठ्यानं म्हणाले. दुकानातल्या सगळ्या पुरुषांनी माझ्याकडे पाहिलं. तिथून लवकर सुटावं म्हणून मी समोरच्या पहिल्याच चाकावर बोट ठेवलं. रविवारी बाबा पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन आले, आणि जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीच्या वळणावर टायर असे घासले की तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. गाडी वळेना, मागे रिक्षांचे हॉर्न वाजू लागले, शेवटी पाहुणे उतरून चालत आले. मी पोहे घेऊन बाहेर गेले तेव्हा बाबा अजून गल्लीतच जीप मागेपुढे करत होते. "घरी काय सांगायचं, जीपमधून आलो का पायी?" मुलाचे काका म्हणाले आणि सगळे हसले. तेवढ्यात घामाघूम झालेले बाबा आत आले, आणि कशाला हसतात ते न विचारताच तेही मोकळेपणानं हसायला लागले. माझं लग्न पुढे दुसरीकडे झालं. बाबांचं ते हसणं मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.