मण्याराची लेक आणि हिरवा चुडा

हाजराबी माणसाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी हात. ही सवय बापाकडून आलेली. मोहियोद्दीन मण्यार डोंगरकडा गावाच्या आसपास बांगड्या भरत फिरायचे आणि लहानगी हाजरा पेटीशेजारी बसून बायकांचे हात न्याहाळायची. सारवणाचे, हळदीचे, कापूस वेचून ओरखडलेले. पुढे ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली. तीस वर्षं उलटली, तरी दुपारी उकळत्या कात्र्या-चिमट्यांची वाफ बाळंतपणाच्या खोलीत दाटली, की त्या वाफेत हाजराबींना ते हात तरंगताना दिसत. कुठूनतरी काचेची किणकिण येई. डॉक्टर म्हणायचे, आपा झोपल्या. आपा झोपत नसत. त्या फक्त तिथं नसत.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात मोहिनी नावाची नवी नर्स आली. नवं माणूस पहिले काही महिने आपांच्या हाताखाली, हा तिथला रिवाज. कागदावर कुठंच नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. पोरगी मोठी चुणचुणीत होती. लग्नाची हळद अजून उतरायची होती आणि मनगटभर हिरवा चुडा.

"हे उतरव," पहिल्याच दिवशी आपा म्हणाल्या.

"वर्षभर काढायचा न्हाई म्हणल्या सासूबाई. नवऱ्याच्या जिवाला वाईट असतंय. मी बांगड्यांसकट घासून धुते ना, आपा!"

आपा गप्प बसल्या. एरवी जराशा वाढलेल्या नखासाठी डॉक्टरांनाही झाडणारी ही बाई, पण नव्या नवरीचा चुडा उतरवायचा म्हटल्यावर मण्याराच्या लेकीची जीभ अडखळली. चूक तिथंच झाली.

तिसऱ्या आठवड्यात मोहिनीच्या हातून बाळंत झालेल्या लखमाला ताप भरला. टाक्यांत पू झाला. इंजेक्शनांवर इंजेक्शनं देऊन बाई कशीबशी वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपांनी वाटीत तेल आणि कपड्यांची नीळ कालवली आणि मोहिनीच्या हातांना कोपरापर्यंत चोपडली. "आता डोळे मीट. रोज धुतीस तसंच धू."

आपा लोट्यानं पाणी घालत राहिल्या, मोहिनी साबण लावून मनापासून धूत राहिली. डोळे उघडले तर तळवे स्वच्छ, आणि चुड्याखाली मनगटाभोवती निळंशार कडं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मोहिनीचं तोंड उतरलं, पण चुडा उतरवायचा म्हटल्यावर आवळलेल्या मुठी काही सुटेनात.

"कळतंय मला, आपा. पण त्यांना काही झालं तर?"

तिची भीती खरी होती. तिचा नवरा शिवहार ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. आणि आत खाटेवर दुसरी एक बाई पहिलटकरणीच्या कळा सोसत होती. तिच्यापाशी थोड्या वेळात याच हातांना जायचं होतं.

हाजराबी स्टुलावर टेकल्या. वाफेकडे पाहत, आपल्याशीच बोलावं तशा बोलू लागल्या.

"माझी थोरली बहीण मंतशा. बाळंत झाली अन् सातव्या दिवशी तापानं गेली. मी नऊ वर्षांची व्हते. दाईचे हात लई मायेचे. ह्या मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. पुढं नर्सिंगला शिकवलं तवा मला उमगलं, ताप कुठून आला. त्या हातावर बी असंच कडं असंल, बराबर असंच. फकत निळं नव्हतं, म्हणून दिसलं न्हाई."

मोहिनीची नजर आपल्या मनगटावरच्या निळ्या कड्यावर गेली.

"अन् त्या बांगड्या माझ्या अब्बांनी भरल्या व्हत्या. आदल्याच दिवशी. लेकीचं बाळंतपण नीट व्हावं म्हणून."

मोहिनीनं दोन्ही हात पुढे केले. हाजराबींनी साबणाचा फेस लावला, अंगठ्याचा उंचवटा आत दाबला आणि एकेक बांगडी अलगद ओढून घेतली. एकही पिचली नाही. हे कसब नर्सिंगच्या शाळेतलं नव्हतं.

"अब्बांना कधी सांगितलं तुमी?" मोहिनीनं हळूच विचारलं.

"न्हाई गं. दर ईदला ते त्याच दाईला बोलावून बांगड्या भरायचे. म्हणायचे, माझ्या मंतशाला शेवटी हिनंच धरलं व्हतं. काय सांगायचं त्यांना?"

मोहिनीनं हात पुढे धरले आणि पहिल्यापासून धुवायला सुरुवात केली, बोटं, मनगटं, कोपरं. हाजराबी पाणी घालत राहिल्या. डोळे पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.